घामाची भाकर आणि आकाशातील पाखरे

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे खानदेशात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विनोबा ज्या आश्रमात घडले, तेथील शरीरश्रमाच्या व्रताचे एक मूळ मात्र बायबलात आहे. घाम गाळून भाकर खावी, हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील वचन बोंदारेव या रशियन शेतकऱ्याने उचलून धरले. टॉलस्टॉयमार्फत ते गांधीजींपर्यंत पोहोचले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही गांधीजींना तोच अर्थ दिसला.

परंतु बायबल याविषयी एकच एक बोलत नाही. ज्याला काम करावयाचे नाही त्याने खाऊही नये, असे पौल थेस्सलनीकाकरांना बजावतो. तो स्वतः तंबू शिवून पोट भरणारा होता, तेव्हा त्याला तो अधिकारही होता. त्याचा रोष काम टाळणाऱ्यावर आहे, काम न मिळालेल्यावर नव्हे. हा भेद पोटभरल्या माणसांना बहुधा सोयीस्करपणे दिसत नाही. उलट डोंगरावरील प्रवचनात येशू पेरणी-कापणी न करणाऱ्या पाखरांकडे बोट दाखवून उद्याची चिंता सोडण्यास सांगतो. नीतिमानाची मुले भीक मागताना कधी पाहिली नाहीत, असे एक स्तोत्रकर्ता म्हणतो. विलापगीतात मात्र लेकरे भाकर मागतात आणि कोणी देत नाही. दोन्ही पाने त्याच ग्रंथात आहेत.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडावयास गेली. त्यातूनच राज्यभर रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम हा हक्क ठरला, ही गोष्ट लहान नाही. पण मजुरी मोजमापावर. अंगात ताकद असेल त्याने जास्त खणावे, जास्त मिळवावे. पाझर तलावावरील म्हातारीने वा ओल्या बाळंतिणीने तेवढी माती कोठून काढावी? द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी दिवस मावळताना आलेल्यालाही पुरता दिवसाचा रोज देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. त्यांची कुरकुर अगदीच खोटी नव्हे. तरी रस्किनने आपल्या १८६० च्या अर्थशास्त्रीय लेखमालेचे नाव याच दाखल्यातून घेतले आणि गांधीजींनी १९०८ साली तिचा ‘सर्वोदय’ केला.

श्रम आणि दया यांची गाठ मोशेच्या नियमशास्त्राने अधिक व्यवहारीपणे घातली आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे उचलू नयेत. ती गरिबाची व परक्याची. सरवा वेचणारीला वाकावे लागतेच, म्हणजे ती फुकट खात नाही. पण मालकाने काही मागे ठेवले नाही, तर वाकूनही हाती काय लागणार? बाजरी निघाल्यावर वा भुईमूग उपटल्यावर रानात शिरणाऱ्या बायांना हे कोणी समजावून सांगावयास नको. रूथ वेचावयास आली तेव्हा बवाजाने तर गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गाळा, आणि तिला दटावू नका.