निळ्या फुलांची टेकडी आणि एक दानशूर चॉकलेटवाला

वाचकहो, आपल्या बेटावर वसंत ऋतू येतो की नाही, हा प्रश्न आम्हां मराठी शिक्षकांना दरवर्षी अडचणीत टाकतो. पुस्तकात सहा ऋतू आहेत. मुलांना ठाऊक असतात दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. आणि मधून मधून येणारा सिक्लोन. वसंत म्हणजे काय, हे आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यावर लिहून शिकवीत आलो. पण तो डोळ्यांनी पाहिला मात्र नव्हता. तो योग मागच्या एप्रिलच्या सुट्टीत आला.

आमची मावशी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात राहते. १९७० नंतरच्या वर्षांत आपल्या बेटावरून कितीतरी मुली नर्सिंग शिकायला तिकडे गेल्या, त्यांतलीच ती एक. आता ती निवृत्त झाली आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालणे तिने सोडलेले नाही. आम्ही उभयता तिच्याकडे पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने डाळपुऱ्या कागदात गुंडाळल्या, थर्मासमध्ये चहा भरला आणि म्हणाली, "चला, आज लिकीच्या टेकडीवर जाऊ. यंदा फुले लवकर आली आहेत. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर तुमचे विमान निघून जाईल."

लिकी हिल्स ही टेकड्यांची रांग शहराच्या नैऋत्येला आहे. बसने शेवटच्या थांब्याजवळ उतरायचे आणि चालू लागायचे. सर्वांत उंच बीकन हिल. तीही जेमतेम तीनशे मीटरची, म्हणजे आपल्या ल पूस डोंगराच्या निम्म्याहूनही कमी. आम्ही मनात म्हटले, ही कसली टेकडी! पण झाडांत शिरलो आणि आमचे बोलणे थांबले.

झाडांना अजून पुरती पालवी फुटलेली नव्हती. ओक आणि बर्च यांच्या फांद्यांतून ऊन सरळ जमिनीवर उतरत होते, आणि त्या उन्हात जमीनच निळी झाली होती. ही ब्लूबेलची फुले. एकेक झाड वीतभर उंच. देठ एका बाजूला वाकलेला आणि त्यावर लहान लहान घंटा लोंबणाऱ्या, कडा बाहेर वळलेल्या. सुगंध मंद, पण हजारो फुले एकत्र असल्याने वारा आला की चांगलाच जाणवतो. ही फुले झाडांच्या पानांशी शर्यत लावतात, असे म्हटले तरी चालेल. एकदा वरची पाने दाट झाली की खाली सावली पडते. म्हणून एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत मिळेल तेवढे ऊन घेऊन, फुलून, बी धरून ती पुन्हा कंदात झोपी जातात. जगातील साधारण निम्मी ब्लूबेल एकट्या ब्रिटनमध्ये आहेत, असे मानतात.

मावशी पायवाटेवरून एक पाऊलही बाजूला टाकू देईना. फोटोसाठी आम्ही जरा आत सरकलो तर म्हणाली, "अरे, बाहेर ये! पाने तुडवली की कंद उपाशी राहतो. बी पेरल्यापासून फूल यायला पाच वर्षे तरी लागतात." रानातले कंद उपटणे तिकडे १९८१ च्या कायद्याने बंद आहे. वाटेत तिने आणखी फुले दाखविली: फिकट पिवळा प्रिमरोज, तुकतुकीत पिवळा सेलंडाइन, लसणाचा वास येणारी पांढरी रामसन, आणि पांढरा वुड ॲनिमोन. हा ॲनिमोन पाऊस आला की पाकळ्या मिटून घेतो आणि शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरतो, असे सांगतात. जिथे त्याचा मोठा गालिचा दिसेल ते रान फार जुने, असे खुशाल समजावे. शंभर वर्षांत सहा फूट! आपली सबंध वंशावळ या बेटावर आली, राबली, शिकली, तेवढ्या काळात हे फूल माणसाच्या दोन-तीन पावलांएवढे चालले.

बीकन हिलच्या माथ्यावरून सारे बर्मिंगहॅम दिसते. तिथे बसून डाळपुरी खाताना आम्ही सहज विचारले, "ही टेकडी कोणाची?" आपल्या बेटावरच्या माणसाला हा प्रश्न सुचतोच. आपल्याकडे डोंगराची पायवाट कित्येकदा कोणाच्या तरी कुंपणापाशी संपते. मावशी म्हणाली, "सगळ्यांची. चॉकलेटवाल्यांनी देऊन टाकली."

ते चॉकलेटवाले म्हणजे कॅडबरी. १९०७ मध्ये त्या घराण्यातील एडवर्ड, हेन्री आणि जॉर्ज यांनी बीकन हिल विकत घेऊन शहराला दिली. त्याआधी १९०४ मध्ये त्याच घराण्यातील बॅरो कॅडबरी यांनी बिलबेरी टेकडीपाशी फिरायला येणाऱ्यांसाठी चहाघर बांधून दिले होते. धुराने काळवंडलेल्या शहरातील कामगाराला रविवारी मोकळा वारा मिळावा, हा त्यामागचा हेतू.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॉर्नव्हिलला गेलो. या घराण्यातील ज्या पुरुषाने आमचे मन जिंकले तो म्हणजे थोरला जॉर्ज कॅडबरी. जन्म १८३९, मृत्यू १९२२. त्याच्या वडिलांनी १८२४ मध्ये बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोको विकण्याचे दुकान काढले. १८६१ मध्ये जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ रिचर्ड यांच्या हाती धंदा आला तेव्हा तो बुडायच्या बेतात होता. आईकडून मिळालेले प्रत्येकी पाच हजार पौंड त्यांनी त्यात घातले. त्या काळी कोकोत बटाट्याचे पीठ आणि साबुदाणा मिसळीत. या भावांनी हॉलंडहून यंत्र आणले, कोकोतील जास्तीची चरबी पिळून काढली आणि १८६६ मध्ये भेसळ नसलेला कोको बाजारात आणला. तिथून त्यांचे दिवस पालटले.

परंतु आम्हांला अधिक भावली ती दुसरीच गोष्ट. जॉर्ज कॅडबरी क्वेकर पंथाचा होता, आणि सुमारे पन्नास वर्षे दर रविवारी सकाळी तो प्रौढांच्या शाळेत शिकवायला जाई. विद्यार्थी कोण, तर ज्यांना लिहिता-वाचता येत नाही असे गरीब कामकरी. गिरण्या-कारखान्यांचा मालक पाटी-पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसे. आजारी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन तो विचारपूस करी. तिथे त्याने अंधाऱ्या खोल्या, ओल आणि गटारे पाहिली. चांगले हो म्हणून उपदेश करायचा आणि माणसाला राहायला बीळ द्यायचे, हे त्याला पटेना. आम्ही शिक्षक आहोत. वर्गात शिकविता शिकविता शिक्षकच शिकतो, ही गोष्ट आम्हांला नवी नाही. पण शिकलेले अमलात आणण्याइतका पैसा आणि मन दोन्ही असणारे थोडेच.

१८७९ मध्ये भावांनी कारखाना शहराबाहेर शेतांत हलविला. पुढे १८९३ मध्ये जॉर्जने शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि गाव वसवायला सुरुवात केली. नियम असा की घराने आपल्या जागेचा चौथा हिस्साच व्यापावा. बाकी सारी बाग. मागे फळझाडे, पुढे फुले, मध्ये खेळायला मैदाने. घरे केवळ आपल्या कामगारांसाठी नव्हती, इतरांनाही खुली होती. आणि १९०० च्या डिसेंबरमध्ये त्याने हे सारे, म्हणजे ३१३ घरे आणि ३३० एकर जमीन, एका विश्वस्त संस्थेला देऊन टाकले. आपल्या मुलांचा त्यावर हक्क ठेवला नाही. ती संस्था आजही गाव सांभाळते. कॅडबरी कंपनी मात्र २०१० मध्ये अमेरिकन कंपनीने विकत घेतली. कंपनी गेली, पण दान दिलेली टेकडी आणि गाव जागच्या जागी आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गावातल्या शाळेच्या मनोऱ्यावर घंटांचा संच आहे. बेल्जियममधील ब्रूज शहरात ऐकलेल्या घंटांवरून जॉर्जला ती कल्पना सुचली आणि १९०६ मध्ये त्या बसल्या. जवळच वुडब्रुक ही वास्तू आहे. हे त्याचे स्वतःचे राहते घर. १९०३ मध्ये ते त्याने अभ्यासकेंद्रासाठी दिले. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत आलेले महात्मा गांधी तिथे उतरले होते. १९०१ मध्ये आपल्या पोर्ट लुईला थांबून, मुलांना शिकवा, असे आपल्या पूर्वजांना सांगून गेलेले तेच गांधीजी.

असो. चॉकलेटच्या वड्या पिशवीत भरून आम्ही परतलो. शाळा उघडली तेव्हा सहाव्या इयत्तेला निळ्या रानाचे फोटो दाखविले, जॉर्ज कॅडबरीची गोष्ट रंगवून सांगितली आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक वडी ठेवली. मुले खूश, आम्हीही खूश. एवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "गुरुजी, कोकोच्या मळ्यात कोण काम करायचे?"

वाचकहो, आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो, असे म्हणून वेळ मारून नेली, आणि घरी येऊन पुस्तके उघडली.

जे वाचले ते असे. त्या काळी कॅडबरींचा बराचसा कोको साओ टोमे नावाच्या पोर्तुगीज बेटावरून येई. तेही आपल्यासारखेच महासागरातले एक लहान बेट. अंगोलातून माणसे आणून तिथे मळ्यांत राबवीत. कागदावर पाच वर्षांचा करार असे. प्रत्यक्षात जवळजवळ कोणी परत जात नसे. १९०१ मध्ये जॉर्जचा पुतण्या विल्यम याच्या पाहण्यात तिथला एक मळा विक्रीला असल्याची माहिती आली. तीत मजुरांची गणना मालमत्तेत केलेली होती! कॅडबरींनी चौकशी केली, माणूस पाठविला, सरकारकडे शब्द टाकला, १९०८ मध्ये विल्यम स्वतः आफ्रिकेत जाऊन आला. पण तिथला कोको घेणे त्यांनी थांबविले ते १९०९ मध्ये. म्हणजे कळल्यापासून आठ वर्षांनी. एका वृत्तपत्राने यावरून टीका केली तेव्हा त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला, पण भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा भाग. त्या एका फार्दिंगमध्ये ज्यूरीला जे म्हणायचे होते ते सर्व आले.

त्या रात्री आम्ही कपाटातून आमच्या खापरपणजोबांचा कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून मिळविलेली ती नक्कल: नाव, वय, मुंबई बंदर, जिल्हा रत्नागिरी, आणि एक नंबर. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख माणसे अशी नंबर लावून या बेटावर आली. सुरुवातीच्या काळात त्यांचाही करार पाच वर्षांचा. आपल्यातले काही परत गेले, काही राहिले. साओ टोमेच्या लोकांना तेवढीही वाट नव्हती. पण सिरदाराची हाक, उसाच्या पातीने चिरलेले हात, कोठीच्या कॅम्पातली खोली, हे आपल्या घराघरांत ऐकलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या साखरेचा गोडवा कोणी दूरच्या चहाच्या पेल्यात चाखला असेल, आणि तोही कदाचित आपल्या गावात मोठा दानशूर असेल.

मग काय, त्या टेकडीचे कौतुक मागे घ्यायचे? आम्ही पुष्कळ विचार केला. मावशीला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी चाळीस वर्षे त्या टेकडीवर चालते. रात्रपाळी करून थकायची तेव्हा तीच एक जागा होती जिथे मला कोणी विचारले नाही की तू कुठली. ते खोटे कसे म्हणू? पण मुलीला सगळे सांग."

आम्ही सगळे सांगितले. फळ्यावर एका बाजूला लिहिले: घरे, बागा, रविवारची शाळा, टेकडी. दुसऱ्या बाजूला लिहिले: साओ टोमे, आठ वर्षे. मुलांना विचारले, एक बाजू पुसू का? वर्ग म्हणाला, नको. ज्या माणसाला आपल्या शहरातली अंधारी खोली पाहवली नाही, त्याला समुद्रापलीकडची खोली दिसायला आठ वर्षे लागली. तो वाईट होता म्हणून नव्हे. ती खोली त्याच्या रविवारच्या वाटेवर नव्हती म्हणून. डोळ्यांसमोरच्या दुःखाला दया येते. दूरच्या दुःखाला आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. आमच्या वर्गात तो मागच्या बाकावरून आला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

वाचकहो, फुले पाहायला इंग्लंडलाच जायला हवे असे नाही. आपले राष्ट्रीय फूल, जे कानातल्या डुलासारखे लोंबते आणि म्हणूनच बूक्ल दोरेय म्हणवते, ते रानात ल मोर्नच्या डोंगरावर थंडीच्या दिवसांत फुलते. रान म्हणून त्याला दुसरे घर नाही. तो डोंगर पळून गेलेल्या गुलामांचा आसरा होता, हे आपण जाणतोच. या हिवाळ्यात सहावीच्या मुलांना तिथे नेण्याचा आमचा बेत आहे. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचे नाही, आणि प्रश्न मात्र हवे तेवढे विचारायचे. डाळपुऱ्या आम्ही आणू.