जुन्या औषधी बाटल्या (लेखांक ७) : बुचाचे डोके की बाटलीची मान?

मागील लेखांकात बाटलीच्या तळावरील खुणांचा विचार झाला. परंतु ज्या बाटलीचे मूळ काचेचे बूच हरवले आहे, तिच्यासाठी दुसरे शोधताना त्या खुणा फारशा उपयोगी पडत नाहीत. बाटली विलायती असो किंवा १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे सुरू झालेल्या पैसा फंड कारखान्यासारख्या एखाद्या स्वदेशी कारखान्यातील असो, जुन्या पद्धतीत प्रत्येक बूच त्या त्या बाटलीच्या मानेतच कुरुंदाची पूड आणि पाणी घालून घासले जात असे, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन बाटल्यांची बुचेदेखील अदलाबदल केल्यास नीट बसत नसत. जोडी फुटू नये म्हणून अनेकदा बुचावर आणि मानेवर एकच आकडा कोरलेला आढळतो. मानेवर असा आकडा असल्यास सुट्या बुचांच्या ढिगात प्रथम तोच शोधावा.

आकडा नसेल तेव्हा मापाचा आधार घ्यावा लागतो. मानेच्या आतील घासलेल्या, दुधी दिसणाऱ्या पट्ट्याचा व्यास तोंडाशी आणि खाली व्हर्नियरने मोजावा. तोंडाशी २२ मिमी आणि २० मिमी खोलीवर २० मिमी व्यास भरला, तर २० मिमीत २ मिमी, म्हणजे दहास एक असा निमुळतेपणा झाला. प्रयोगशाळेतील आधुनिक काचसामानाचे हेच प्रमाण ठरलेले असून त्यावरील १९/२६ किंवा २४/२९ या आकड्यांत पहिला आकडा रुंद टोकाचा व्यास आणि दुसरा सांध्याची लांबी मिलिमीटरमध्ये दाखवतो. जुन्या माना मात्र या प्रमाणाला बांधलेल्या नसल्याने केवळ तोंडाचा व्यास जुळला म्हणून बूच घेणे फसवे ठरते, आणि ग्राहक तर बहुधा डोक्याचा घाट पाहूनच घेतो.

खेड्यात जुन्या काचेचा बाजार नसला तरी ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सुटी बुचे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चाळता येतात, आणि प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातील बूच डोक्याने विजोड दिसले तरी डिंकाने चिकटवलेल्या सुंदर बुचापेक्षा बरे. घासण्यासाठी लागणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट तर ट्रॅक्टर-मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातच मिळते.

दहास एक निमुळतेपणा असलेल्या बुचाचा व्यास ०.१ मिमीने कमी झाला की ते १ मिमी खाली उतरते. म्हणून आपल्या जागेपेक्षा दोन-तीन मिमी वर अडणारे बूच निवडावे, कारण त्यात घासण्यापुरती काच शिल्लक राहते, तर आधीच खोल उतरणाऱ्या बुचावर काहीच उपाय नसतो. बुचाचा उतार मानेहून वेगळा असेल तर ते एकाच कड्यावर टेकून डुलते. अशा बुचाला आधी मानेच्याच उताराच्या लोखंडी किंवा पितळी शंकूच्या पोकळीत घासून आकार द्यावा, जेणेकरून मूळ मानेची झीज कमीत कमी होईल. शेवटचे घासणे मानेत, बारीक पेस्टने आणि हातानेच करावे: पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर काही फेऱ्यांनी बूच उचलून पुन्हा ठेवावे, नाहीतर खड्याची एकच रेघ गोल खोदली जाते. ड्रिल यंत्राचा मोह टाळावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने साधी काच तडकते. पेस्ट धुऊन बूच किंचित ओले करून बसवले असता दुधी पट्टा सगळीकडे सारखा पारदर्शक झाला, तर सांधा जुळला; पांढरा ठिपका उरला तर काच तेथे टेकलेली नाही. काचेची कोरडी पूड फुप्फुसांना घातक असते, म्हणून सारे काम ओलेच करावे.

बाटलीत जुने औषध शिल्लक असेल, तर या कामाला हातच लावू नये. एकेकाळी भाजण्यावर वापरले जाणारे पिक्रिक ॲसिड सुकल्यावर घर्षणानेही स्फोट पावू शकते. कॉस्टिक सोड्यासारखा अल्कलीचा द्रव नव्या बुचाच्या बाटलीत ठेवू नये, कारण तो घासलेल्या काचेला खाऊन बूच कायमचे जखडतो. रिकामी बाटली ठेवताना मान आणि बूच यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी सरकवावी, आणि बाटली विकायची झाल्यास बूच नंतर बसवलेले आहे हे ग्राहकाला सांगावे.