जिताड्याच्या पिल्लाला संतपूरचे सोयाबीन चालेल का?

मृगाचा पाऊस झाला की बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात, संतपूरच्या शिवारात, सोयाबीनची पेरणी सुरू होते. दसऱ्याच्या सुमारास रास होते आणि पोती कुणाची बीदरच्या, कुणाची उदगीरच्या आडतीला जातात. तिथून माल गिरणीत. तेल निघते आणि मागे राहते पेंड. तेलाचा भाव घरोघरी ठाऊक असतो, पेंडीकडे फारसे कुणी बघत नाही. वास्तविक सोयाबीनच्या दाण्यात तेल असते जेमतेम वीस टक्के आणि प्रथिने चाळीसच्या आसपास. तेल काढून घेतले की पेंडीतल्या प्रथिनांचे प्रमाण ४४ ते ४८ टक्क्यांवर जाते. ही पेंड कोंबड्यांना घालतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. समुद्रातल्या माशांची जी पिल्ले आता तळ्यांत आणि पिंजऱ्यांत वाढवली जातात, त्यांच्या खाद्यातही ती जाते. किती जावी, यावर जगभर संशोधन चालू आहे, आणि ज्या मातीत सोयाबीन पिकते तिथल्या माणसांनी ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

उदाहरणाला जिताडा घेऊ. रायगडात अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात शेततळ्यांत जिताडा पाळायची रीत जुनी आहे. गोव्यात हाच मासा चोणक म्हणून ओळखला जातो. पूर्वी खाडीत सापडेल तेवढेच बी, म्हणजे माशाची पिल्ले, तळ्यात सोडता येई. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने बंदिस्त जागेत जिताड्याचे प्रजनन करून दाखवले आणि ती अडचण सुटू लागली. २०१० मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम इथे कोबियाची, म्हणजे गोव्याच्या मोडसोची, पिल्ले काढली. कारवारच्या समुद्रात याच संस्थेच्या केंद्राने दोन्ही मासे पिंजऱ्यांत वाढवले. बी मिळू लागल्यावर पुढचा प्रश्न पोटाचा होता.

जिताड्याचे अंडे पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातून निघणारे पिल्लू दीडेक मिलिमीटरचे, आणि त्याला धड जठरही नसते. दोन-तीन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर निघतात. मग तोंड उघडते, पण कोरडे खाद्य पचवायची ताकद अजून आलेली नसते. म्हणून त्याला आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि थोडे मोठे झाल्यावर आर्टिमिया या इवल्या जलजीवाची नुकती फुटलेली पिल्ले जिवंत खाऊ घालतात. हे जीव मऊ असतात आणि त्यांच्यातली बरीच प्रथिने सहज पचतात. जठर तयार होऊन आम्ल पाझरू लागले की हळूहळू दाणेदार खाद्याची सवय लावायची. या काळात दुर्लक्ष झाले तर उपाशी पिल्ले एकमेकांना गिळतात. जिताडा आपल्या लांबीच्या दोन तृतीयांश असलेले भावंडही गिळू शकतो. हॅचरीतली माणसे पिल्लांची लहान-मोठी अशी पुन्हापुन्हा निवड करत बसतात ती याचसाठी.

दाणेदार खाद्यावर आलेल्या पिल्लाला खाद्यात ४५ ते ५० टक्के प्रथिने लागतात. कोबियाच्या पिल्लांवर तैवानमध्ये झालेल्या प्रयोगात सर्वांत चांगली वाढ ४४.५ टक्क्यांच्या आसपास मिळाली. ब्रॉयलर कोंबडीच्या पिल्लाचे २२-२३ टक्क्यांत भागते. आपल्या तलावातल्या रोहू-कटल्याला पंचवीस-तीस टक्के पुरतात.

एवढ्यावरून समुद्री मासा अधाशी ठरत नाही. कोंबडीचे पिल्लू आपले अंग एक्केचाळीस अंशांच्या आसपास तापते ठेवण्यासाठी मका जाळत असते. माशाचे अंग पाण्याच्याच तापमानाचे. त्याला अंग ऊबदार ठेवायचे नाही, वजनही पाणीच पेलते. शिवाय प्रथिने वापरल्यावर उरणारा नत्र कोंबडीला युरिक आम्लात बदलून टाकावा लागतो, त्यात ऊर्जा खर्ची पडते. मासा तोच नत्र अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून सरळ पाण्यात सोडून मोकळा होतो. म्हणजे माशाला इंधन कमी लागते. खाद्यातला इंधनाचा वाटा घटला की प्रथिनांचा टक्का आपोआप वर चढतो. एक किलो वजन वाढवायला किती प्रथिने लागली असा हिशोब केला, तर मासा आणि कोंबडी यांच्यात फारसे अंतर राहत नाही.

दुसरे कारण मात्र खास मांसाहारी माशांचे आहे. जिताड्याच्या पूर्वजांनी कोळंबी आणि मासे खाल्ले, पिष्ट त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलेच नाही. त्याला जास्त पिष्ट दिले तर रक्तातली साखर तासन्‌तास उतरत नाही. त्यामुळे तो प्रथिनांतली अमिनो आम्लेच इंधन म्हणून जाळतो. खाद्यात योग्य प्रमाणात तेल घातले तर ही जाळपोळ कमी होते आणि प्रथिने अंगाला लागतात. उलट प्रथिने गरजेपेक्षा जास्त घातली, तर शेतकऱ्याचा पैसा अमोनिया होऊन तळ्यात उतरतो आणि त्याच अमोनियाने पिल्ले गुदमरतात.

पोत्यावर छापलेल्या टक्क्याबद्दल थोडे सावध राहायला हवे. तो आकडा काढायची पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये शोधली. नमुन्यातला नत्र मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचे. ही पद्धत नत्र मोजते, तो कुठून आला हे तिला कळत नाही. कोंबडीच्या पिसांच्या भुकटीत प्रथिने ८० टक्क्यांवर भरतात, पण नीट प्रक्रिया केली नाही तर त्यातले माशाला पचते फार थोडे. माशाला दहा अमिनो आम्ले खाद्यातूनच मिळावी लागतात आणि ती ठरावीक प्रमाणात हवीत. बैलजोडीतला एक बैल थकला की दुसऱ्याच्या ताकदीचा उपयोग होत नाही, तसे इथे आहे. सोयाबीनमध्ये लायसिन चांगले असते, पण मेथिओनिन कमी पडते. तेवढ्या एका उणिवेपायी बाकीची अमिनो आम्ले वाढीला न लागता इंधनात जातात. म्हणून सोयाच्या खाद्यात मेथिओनिन वेगळे मिसळतात.

टॉरिनचीही गोष्ट अशीच आहे. हे द्रव्य प्रथिनांचा घटक नाही, पण मासळीत भरपूर असते आणि सोयाबीनमध्ये जवळजवळ नसते. अनेक समुद्री माशांना ते शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. जपानमध्ये समुद्री ब्रीम आणि यलोटेल या माशांना मासळीची भुकटी कमी आणि सोया जास्त दिल्यावर त्यांची यकृते हिरवी पडू लागली. टॉरिन घातल्यावर ती सुधारली.

मग मासळीची भुकटीच का घालू नये? तिच्यात साठ ते बहात्तर टक्के प्रथिने असतात आणि अमिनो आम्लांचा मेळही उत्तम. पण एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. आपल्या किनाऱ्यावर मंगळूर-उडुपीकडे या भुकटीचे कारखाने आहेत आणि त्यांत तारली मोठ्या प्रमाणावर जाते. गरिबाच्या ताटातला मासा दळून महागड्या माशाला घालणे मला पटत नाही. शिवाय हा पुरवठा समुद्राच्या लहरीवर. २०२३ मध्ये एल निन्योमुळे पेरूने अँचोव्ही पकडण्याचा पहिला हंगामच रद्द केला आणि भुकटीचे भाव जगभर भडकले.

म्हणून पुन्हा पेंडीकडे यावे लागते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्ये असतात. उष्णता दिली की ती निकामी होतात. पेंड कमी भाजली तर ती शिल्लक राहतात, जास्त भाजली तर लायसिन खराब होते. गिरणीत याची एक सोपी परीक्षा करतात. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते आणि तेही जवळपास तेवढ्याच उष्णतेत मरते. लाल रंगद्रव्य घातलेल्या युरियाच्या द्रावणात चिमूटभर पेंड टाकायची. पेंड कच्ची असेल तर विकर जिवंत असते, युरियापासून अमोनिया निघतो आणि पेंडीचे कण लाल होतात. ते बेताचे लाल झाले तर भाजणी ठीक.

पण उष्णतेने सगळे दोष जात नाहीत. सोयाबीनमधला फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये अडकलेला असतो. माशाला तो सोडवता येत नाही. तो विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळ्यात शेवाळ माजते. फायटेट जस्तालाही धरून ठेवते. यावर खाद्यात फायटेज विकर घालतात. सॅपोनिन तर भाजून मुळीच जात नाही. सॅमन माशाला साधी पेंड जास्त घातली की आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, आणि त्यात सॅपोनिनचा हात असल्याचे दिसले आहे. अल्कोहोलने पेंड धुतली की सॅपोनिन आणि न पचणाऱ्या शर्करा बऱ्याच निघून जातात आणि साठ-पासष्ट टक्के प्रथिनांचे सांद्र मिळते. नॉर्वेने सॅमनचे खाद्य मुख्यतः याच मार्गाने बदलले. तिथे १९९० मध्ये खाद्यात मासळीची भुकटी ६५ टक्के होती, २०२० पर्यंत ती १२ टक्क्यांवर आली. उणीव भरून काढणाऱ्यांत सोया सांद्र पहिल्या क्रमांकावर आहे आणि त्यातले बरेचसे ब्राझीलमधून येते.

आपल्याकडे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बीदरमध्येच, नंदीनगरला आहे, आणि १९६९ पासून चालणारे मंगळूरचे मत्स्य महाविद्यालय त्याच्याशी जोडले गेले. म्हणजे सोयाबीनचा जिल्हा, पेंडीच्या गिरण्या आणि मत्स्यविज्ञानाचा कारभार एका दिवसाच्या प्रवासात सापडतो. तरी इथला दाणा पेंडीच्या पुढे सहसा जात नाही. जिताड्याच्या अगदी कोवळ्या पिल्लांना मासळीची भुकटी द्यावीच लागेल, तिथे काटकसर करू नये. पण पिल्लू सावरून पिंजऱ्यात गेले की ते खाते पुष्कळ, आणि खाद्याचा मोठा खर्चही तेव्हाच होतो. तिथे नीट भाजलेली, धुतलेली, मेथिओनिन आणि टॉरिनची जोड दिलेली सोया बरीचशी भुकटी वाचवू शकते. ते सांद्र ब्राझीलमधून आणण्याऐवजी औराद-उदगीरच्या पट्ट्यात तयार व्हावे, आणि त्याची पहिली चाचणी कारवारच्या पिंजऱ्यांत व्हावी, अशी मागणी संतपूरच्या शेतकऱ्याने विद्यापीठाकडे आजच करायला हरकत नाही.