जिवाणूंचा बुळबुळीत किल्ला

बालमित्रांनो, चार दिवस न घासलेल्या बादलीच्या आतून कधी बोट फिरवलंय? बुळबुळीत लागतं ना? नुसतं पाणी ओतून ते जात नाही, घासावंच लागतं. हा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वस्ती! शास्त्रज्ञ तिला ‘बायोफिल्म’ म्हणतात. सकाळी दातांवर जाणवणारा थर, तीही बायोफिल्मच. आणि अशी वस्ती कधी कधी डोळ्यातही होते, बरं का!

तुम्ही म्हणाल, डोळ्यात कशी होईल? तिथे तर सतत अश्रू असतात! खरं आहे. पापणी लवली की डोळा पुसला जातो. शिवाय अश्रूंमध्ये जिवाणूंना फोडणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, पेनिसिलिनच्या शोधाच्या सहा वर्षं आधी. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून ते लिंबाच्या मदतीने स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणत!

पण जिवाणूंना टेकायला जागा मिळाली, की गोष्ट बदलते. ही जागा म्हणजे ताईची कॉन्टॅक्ट लेन्स, लेन्सची डबी, किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीच्या डोळ्यात बसवलेलं भिंग. स्यूडोमोनस नावाचा जिवाणू यात पटाईत. आधी एकटा-दुकटा येऊन चिकटतो. मग संख्या वाढते. रासायनिक खुणांनी एकमेकांना निरोप जातात, ‘आपण पुरेसे जमलो!’ की सगळे मिळून साखरेसारख्या पदार्थांचा आणि प्रथिनांचा चिकट थर तयार करतात. झाला किल्ला उभा!

आता औषधाचे थेंब टाकले, तर?

किल्ल्याबाहेरचे जिवाणू मरतात. पण भिंतीतून आत शिरताना काही औषधं अडखळतात. आत खोलवर काही जिवाणू जणू झोपलेले असतात. वाढणाऱ्या जिवाणूंवर वार करणारी औषधं त्यांना फारसं काही करू शकत नाहीत. औषध थांबलं की हे जागे होतात आणि पुन्हा वस्ती वाढवतात. त्यातच, औषधाला तोंड देण्याची युक्ती एखाद्याला सापडली, तर त्या युक्तीची जनुकं तो शेजाऱ्याला देतो, अगदी परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तशी!

ही गंमत नाही हं. २०२२-२३ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनसची साथ आली. १८ राज्यांतल्या ८१ जणांमध्ये हा जिवाणू सापडला. १४ जणांना दृष्टी गमवावी लागली, चौघांचा डोळाच काढावा लागला आणि चौघे दगावले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांत ‘कृत्रिम अश्रू’ घातले होते. त्या थेंबांच्या उघडलेल्या बाटल्यांतही हाच जिवाणू निघाला. हे थेंब आपल्याच देशातल्या एका कारखान्यात बनले होते.

आणखी एक गोष्ट. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती, आठवतं? अशा साथी बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही! तरीही घरात उरलेली बाटली काढून थेंब टाकले, तर विषाणू जातो का? छे! उलट, डोळ्याच्या आसपास राहणाऱ्या जिवाणूंना औषधाची ‘ओळख’ तेवढी होते. औषध कमी प्रमाणात घेतलं तर जिवाणू मरण्याऐवजी त्याला सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच दिला होता.

मग आपण काय करायचं?

● डोळा लाल झाला तर आधी डॉक्टरांना दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल, तर ती लगेच काढा.
● थेंब डॉक्टरांनी सांगितले तितकेच आणि तितके दिवस घाला. ‘बरं वाटतंय’ म्हणून मध्येच सोडू नका.
● आजीच्या डोळ्यात थेंब टाकण्याआधी हात साबणाने धुवा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लावू नका.
● ताईला सांगा, लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. तिच्यासाठीच्या द्रावणाने चोळून धुवायची. लेन्स घालून झोपायचं नाही. डबीही दर तीन महिन्यांनी बदलायची.
● दुसऱ्याचे थेंब, रुमाल, काजळ वापरू नका.

किल्ला एकदा उभा राहिला की पाडणं फार कठीण. त्यापेक्षा त्याची पहिली वीटच रचू द्यायची नाही. आणि ते काम तुमच्या-आमच्या हातात आहे. अट एकच, हात धुतलेले हवेत!