दफ्तराची साक्ष

१९७१ सालचा डिसेंबर महिना होता. भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये युद्ध जुंपले होते. त्या वेळी मी दहा-अकरा वर्षांचा होतो व गिरगावातील एका चाळीत आम्ही राहत होतो. दिवेलागणीची वेळ झाली, की खिडक्यांच्या काचांवर चिकटविलेल्या काळ्या कागदांआड एखादा मिणमिणता दिवा लागे. आणि भोंगा वाजला, की तोही मालविला जाई. वडीलधारी माणसे अंधारात गॅलरीत बसून हलक्या आवाजात बोलत. एके दिवशी बातमी आली, की अमेरिकेने आपले आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले आहे. मी आजोबांना विचारले, "आजोबा, आपण अमेरिकेचे काय बिघडविले?" आजोबा म्हणाले, "बाळ, ते आज कोणालाच सांगता यायचे नाही. राजकारणाची खरी कारणे दफ्तरात असतात आणि दफ्तर उघडायला वेळ लागतो."

आजोबांच्या त्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तोच या पाठात सांगावयाचा आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही रोज पाठीवर जे दप्तर घेऊन शाळेत येता, ते आणि आजोबांनी सांगितलेले दफ्तर हे दोन्ही शब्द मूळचे एकच. दफ्तर म्हणजे सरकारी कागदपत्रांचा संग्रह. राज्यकारभार केवळ तोंडी चालत नाही. आज्ञा लिहून द्याव्या लागतात. आलेली पत्रे जपून ठेवावी लागतात. गेलेल्या पत्रांच्या नकला करून ठेवाव्या लागतात. तह झाला, तर त्याची कलमे नोंदवावी लागतात. हे सर्व कागद लिहिले जातात ते त्या दिवसाचे काम भागावे म्हणून. इतिहासासाठी ते कोणी लिहीत नाही, आणि म्हणूनच त्यांची साक्ष फार मोलाची असते. काम संपल्यावर मनुष्य आपली बाजू सावरून बोलतो; परंतु काम चालू असता लिहिलेला कागद, त्या वेळी त्याच्या मनात काय होते, ते पुष्कळदा उघड करतो.

पेशव्यांचे दफ्तर पुण्यास होते. रोजच्या आज्ञा आणि रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत नोंदला जाई. दिल्ली, हैदराबाद अशा दरबारांत पेशव्यांचे वकील राहत. वकील म्हणजे कोर्टात भांडणारा नव्हे. आज ज्याला आपण राजदूत म्हणतो, तो. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे यांसारखे चतुर वकील तेथील दरबारात काय शिजत आहे, ते पुण्यास लिहून कळवीत. ही सर्व पत्रे मोडी लिपीत असत व ती चौकोनी कापडात बांधून ठेवीत. अशा एका गाठोड्यास 'रुमाल' म्हणत.

इकडे मुंबईच्या किल्ल्यात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे दफ्तर होते. गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार बैठकीत जे ठरवीत, ते कारकून वह्यांत उतरवून घेत. पुण्याशी चाललेल्या राजकारणाचे कागद 'गुप्त व राजकीय' खात्यात असत. १८२१ साली मुंबई सरकारने या कागदांसाठी स्वतंत्र दफ्तरखाना स्थापन केला. पुढे काळा घोडा येथील एल्फिन्स्टन कॉलेजच्या दगडी इमारतीत हे दफ्तर अनेक दशके सांभाळले गेले. बाहेरून बसगाड्यांचा गोंगाट आणि आत अडीचशे वर्षांपूर्वीच्या शाईची अक्षरे, असा तो योग आहे.

ही दोन्ही दफ्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचली, म्हणजे काय दिसते, ते एका उदाहरणाने पाहू.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात वध झाला. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. परंतु नाना फडणीस, सखारामबापू इत्यादी कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचे कारस्थान उभे केले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेस त्यांनी मुंबईकरांशी तह केला. इंग्रजांनी फौजेची मदत द्यावी आणि त्याबद्दल रघुनाथरावांनी साष्टी व वसई द्यावी, असे ठरले.

वरवर पाहता, गादीवरून दूर झालेल्या एका पेशव्यास इंग्रजांनी साहाय्य केले, एवढेच यात दिसते. पण मुंबईचे दफ्तर निराळे सांगते. आज आपण दादरहून रेल्वेने उत्तरेकडे निघालो आणि माहीमची खाडी ओलांडली, की वांद्रे लागते. तेथून साष्टीचे बेट सुरू होते. त्या काळी मुंबई हे लहानसे बेट होते. त्याच्या उंबरठ्यावरचा हा मुलूख मराठ्यांच्या हाती होता आणि इंग्रजांना तो फार दिवसांपासून हवा होता. सुरतेच्या तहापूर्वीच, १७७४ च्या डिसेंबरअखेर, त्यांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला चढविला होता. म्हणजे साहाय्य हे निमित्त होते आणि साष्टी हे कारण होते.

याच कागदांतून आणखी एक गोष्ट कळते. कंपनीचे सर्व अधिकारी एका मताचे नव्हते. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने मुंबईकरांना स्पष्ट कळविले, की तुमचे हे युद्ध अन्याय्य असून ते करण्याचा तुम्हांस अधिकार नव्हता. कलकत्त्याहून कर्नल अप्टन पुण्याकडे आला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इतक्यात विलायतेतील संचालकांनी सुरतेच्या तहास संमती दिल्याचे पत्र आले! मुंबई एक म्हणते, कलकत्ता दुसरे म्हणते आणि लंडन तिसरेच म्हणते, असा हा प्रकार होता. अखेर मुंबईकरांनी पुन्हा फौज धाडली. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी ती वडगाव येथे कोंडली आणि इंग्रजांना मानहानीचा करार करावा लागला. इंग्रजांनी पुढे तो करार मानला नाही. शेवटी १७८२ साली महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

शत्रूच्या घरात एकवाक्यता नाही, याचा लाभ पुण्याच्या कारभाऱ्यांना मिळाला. परंतु केवळ पुण्याचे कागद वाचणाऱ्यास मुंबई आणि कलकत्ता यांच्यातील वाद पुरता कळणार नाही. आणि केवळ मुंबईचे कागद वाचणाऱ्यास नाना फडणिसांनी इतक्या सरदारांना एकत्र कसे राखले, ते कळणार नाही. न्यायाधीश जसा वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही ऐकून घेतो, तसेच इतिहासकारासही करावे लागते.

पण कागद असून भागत नाही. ते टिकावे लागतात आणि उघडावेही लागतात. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली व तेथील जुने दफ्तर नष्ट झाले. शिवकालातील कितीतरी गोष्टींविषयी आज आपण अंधारात आहोत, त्याचे हे एक मोठे कारण होय. पेशव्यांचे दफ्तर मात्र वाचले. इंग्रजांना महसूल, इनामे आणि वतने यांचे दावे तपासण्यासाठी त्याची गरज होती. त्यांनी ते जपले, परंतु अभ्यासकांपासून बहुतकाळ बंदच ठेवले. गणेश चिमणाजी वाड यांना त्यातील रोजनिशांमधून वेचे काढता आले. त्यांच्या आधारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि मराठ्यांचा कारभार म्हणजे केवळ स्वाऱ्या आणि लढाया नव्हेत, हे दाखवून दिले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तर सरकारी दाराशी न थांबता गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले कागद गोळा केले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे पेशव्यांच्या राज्याचे अंतरंग सर्वांस पाहावयास मिळाले. त्या राज्याचा अस्त होऊन तोवर एकशे बारा वर्षे लोटली होती.

दफ्तर कोणाचे, हा प्रश्न दूरच्या अमेरिकेसही पडला होता. तेथे राजा नाही; लोकांनी निवडलेला अध्यक्ष राज्यकारभार पाहतो. तरीही कितीएक वर्षे अशी समजूत होती, की अध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता होय. अध्यक्षपद सोडताना तो ते आपल्या घरी घेऊन जाई. अब्राहम लिंकन यांचे कागद त्यांच्या मुलाने राष्ट्राच्या ग्रंथालयास दिले. पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कोणी पाहू नयेत, अशी अट घातली. त्यामुळे १८६५ साली मारल्या गेलेल्या अध्यक्षाचे ते कागद १९४७ साली खुले झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट या अध्यक्षांच्या काळात, १९३४ साली, राष्ट्रीय दफ्तरखान्याचा कायदा झाला. रूझवेल्ट यांनी आपले कागद आपण होऊन राष्ट्राच्या स्वाधीन केले व त्यांच्यासाठी ग्रंथालय उभारले. पुढील अध्यक्षांनी तोच पायंडा पाळला.

१९७४ साली मात्र कसोटीचा प्रसंग आला. रिचर्ड निक्सन या अध्यक्षांना गैरकारभाराच्या आरोपांमुळे पद सोडावे लागले. आपल्या कचेरीतील संभाषणे ध्वनिफितींवर मुद्रित करण्याची व्यवस्था त्यांनी १९७१ च्या फेब्रुवारीत केली होती. या फिती निक्सन यांच्या, की राष्ट्राच्या? अमेरिकेच्या संसदेने कायदा करून त्या ताब्यात घेतल्या; आणि १९७८ साली असे ठरविले, की यापुढे अध्यक्षांचे सरकारी कागद ही राष्ट्राची मालमत्ता राहील.

आता गिरगावातील त्या काळोख्या संध्याकाळीकडे परत येऊ. अमेरिकेचे परराष्ट्र खाते १८६१ पासून आपल्या परराष्ट्र धोरणाचे निवडक कागद ग्रंथरूपाने छापीत आले आहे. १९७१ च्या युद्धासंबंधीचा खंड २००५ साली प्रसिद्ध झाला. मी आजोबांना विचारलेल्या प्रश्नास चौतीस वर्षे झाली होती, आणि ते ऐकावयास आजोबा राहिले नव्हते.

त्या कागदांनी उत्तर दिले, ते असे: आपण अमेरिकेचे फारसे काही बिघडविले नव्हते. निक्सन यांना त्या वेळी चीनशी मैत्री जोडावयाची होती आणि पाकिस्तान हा त्या बोलण्यातील मध्यस्थ होता. त्यांचे सल्लागार हेन्री किसिंजर १९७१ च्या जुलैत पाकिस्तानातूनच गुपचूप चीनला गेले होते. मध्यस्थास दुखवावयाचे नाही, म्हणून पूर्व बंगालमधील अत्याचारांकडे काणाडोळा करण्यात आला. आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याविषयी त्या दोघांनी काढलेले अनुदार उद्गारही जगापुढे आले, आणि त्याच वर्षी किसिंजर यांना त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला.

परंतु त्याच देशाच्या दफ्तरात आणखी एक कागद आहे. ढाक्यातील अमेरिकन वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिल १९७१ रोजी आपल्या सरकारला एक तार पाठविली. तिच्यावर वीस अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. निरपराध माणसांची हत्या होत असता आपले सरकार गप्प राहते, याचा त्यांनी स्वच्छ शब्दांत निषेध केला होता. ब्लड यांना लवकरच ढाक्याहून परत बोलावण्यात आले. त्यांचे त्या वेळी कोणी ऐकले नाही. पण दफ्तराने त्यांचे म्हणणे जपून ठेवले. कलकत्त्याने मुंबईकरांना लिहिलेले पत्र जसे टिकले, तशीच ही तारही टिकली. सत्ताधीशाचा हुकूम आणि त्याला झालेला विरोध हे दोन्ही दफ्तरात शेजारीशेजारी राहतात. म्हणूनच एखाद्या राष्ट्राविषयी सरसकट मत बनविण्यापूर्वी त्याचे दफ्तर पाहावे. आपल्या राष्ट्रासही हाच नियम लागू आहे.

आपल्या देशात १९९३ साली सार्वजनिक अभिलेखांचा कायदा झाला. त्यान्वये केंद्र सरकारचे कागद मनास येईल तसे नष्ट करणे हा गुन्हा ठरला. तथापि कायदा काही वाळवीला अडवीत नाही. कागद जपणारी माणसेही हवीत, आणि मोडी वाचणारे डोळेही हवेत.

मी मुख्याध्यापक असताना एके दिवशी परळचे एक वृद्ध गृहस्थ शाळेत आले. गिरणीतील नोकरी केव्हाच सुटलेली. कसल्याशा अर्जासाठी त्यांना जन्मतारखेचा दाखला हवा होता. आमच्या लेखनिकांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. पाने पिवळी पडली होती, पण नोंद शाबूत होती: मुलाचे नाव, वडिलांचा धंदा, जन्मतारीख. त्या गृहस्थांनी त्या ओळीवरून हळूच बोट फिरविले. ज्या कोणा लेखनिकाने साठ वर्षांपूर्वी ती ओळ सुवाच्य अक्षरात लिहिली, त्याला ही भेट स्वप्नातही दिसली नसेल.

मित्रांनो, राष्ट्राचे दफ्तर अशाच ओळींचे बनलेले असते. तुम्हीही पुढे कोठेतरी नोंदी कराल. कोणी कचेरीत, कोणी रुग्णालयात, कोणी आपल्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या हिशेबवहीत. जे लिहाल, ते खरे लिहा, तारीख घालून लिहा आणि जपून ठेवा. आज ते कोणी वाचणार नाही, असे वाटेल. पण पुढे एखादे मूल आपल्या आजोबांना प्रश्न विचारील आणि त्याचे उत्तर तुमच्याच ओळीत असेल.