अंतर तेच, वेळ मात्र वेगळा

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो बहुतांशी रशियाच्या भूमीवरूनच जातो. हे अंतर निसर्गाने ठरविले असून कोणत्याही सरकारला त्यात काडीचाही फरक करता येत नाही. ते तोडण्यास लागणारा वेळ मात्र गेल्या चाळीस वर्षांत दोनदा बदलला, आणि त्याचे कारण विमानांच्या गतीत नव्हे, राष्ट्रांच्या परस्परसंबंधांत शोधावे लागते.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअर या कंपनीने या मार्गावर विनाथांबा सेवा सुरू केली. तो शीतयुद्धाचा काळ होता. सैबेरियाचे आकाश तिच्या विमानांना मोकळे नव्हते. म्हणून डीसी-१० जातीचे विमान उत्तर ध्रुवावरून व बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून वळसा घालून सुमारे १३ तासांनी जपान गाठीत असे. पुढे तणाव ओसरला, सैबेरियावरून वाट मिळाली आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. या आखूड वाटेच्या बळावर हेलसिंकी हे युरोप-आशिया वाहतुकीचे गजबजलेले नाके बनले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तेच उत्तर दिले. मार्चमध्ये टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली, ती पुन्हा १३ तासांची! विमाने ३९ वर्षांनी सुधारली होती. घड्याळ मात्र १९८३ वर जाऊन थांबले होते.

१९४४ च्या शिकागो करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण स्वामित्व आहे. तेव्हा हा अधिकार निर्विवाद होय. प्रश्न आहे तो त्याच्या वापराचा. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे प्राणास मुकली. ते आकाश आधीच पूर्णपणे बंद केले असते, तर हा अनर्थ टळता. प्रवाशांच्या रक्षणासाठी घेतलेला असा निर्णय कितीही गैरसोयीचा असला, तरी तो स्वागतार्हच मानला पाहिजे.

परंतु शह-प्रतिशह म्हणून घातलेली बंदी निराळी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपापले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. असा वळसा म्हणजे अधिक इंधन, अधिक खर्च आणि अधिक भाडे. ही किंमत राज्यकर्ते मोजीत नाहीत. परदेशी शिकणारा विद्यार्थी आणि आजारी आप्ताला भेटण्यास निघालेला माणूस ती मोजतो.

राष्ट्राभिमान, सुरक्षितता आणि अन्यायाचा प्रतिकार यांसाठी अशी किंमत कधी मोजावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र बंदी घालताना दाखविलेली तत्परता ती उठविताना का दिसू नये? शस्त्रे खाली ठेवली गेली की नागरी विमानांची वाट मोकळी करणे हा समेटाच्या बोलण्यातील पहिला विषय असावा. कारण बंद राहिलेल्या वाटेची सवय राज्यकर्त्यांना फार लवकर जडते आणि तिचा भार सामान्य प्रवासी वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहत राहतो.