‘भीमनगर मोहल्ला’ आणि आपल्या घरचे शिवाजी महाराज

मे 2023 मध्ये शेवगावात संभाजी महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीत दगडफेक झाली. तेव्हापासून नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत जयंती आली की पोरांना सांगितलं जातं, ‘आज बाहेर फिरू नको.’ काळजी समजू शकतो. पण महाराजांचं नाव निघालं की आपण दार लावून घ्यायचं, हे मात्र आम्हाला पटत नाही. म्हणून आज एका नाटकाबद्दल लिहितोय.

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक 2012 साली रंगमंचावर आलं. लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची. करणारी मुलं बहुतेक जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली, शेतकरी घरातली. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी या पोरांचं नाटक तिकीट काढून पाहिलं.

गोष्ट साधी आहे. महाराजांना न्यायला यम येतो. महाराज जातात, विचार मात्र खालीच राहतात. मग पगडी घेऊन यम फिरतो, ही नेमकी कुणाच्या डोक्यात बसते ते बघत, आणि भीमनगर मोहल्ल्यात पोचतो. तिथे पोवाड्यांचा सामना रंगतो. एक बाजू तलवार आणि अफजलखानावरच अडकलेली. दुसरी विचारते, रयतेच्या भाजीच्या देठाचं काय? महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांचं काय? वाद सगळा गाण्यांतून चालतो, म्हणून तो भाषणासारखा जड होत नाही. हसता हसता माणूस ऐकून घेतो.

ज्यांच्या घरात गाण्या-वाजवण्याला मनाई आहे, त्यांच्या भावनेचा आदर आहेच. पण नाटकातले प्रश्न जेवताना मुलांशी बोलायला कुणाची हरकत नसावी.

बोलताना एक पथ्य मात्र पाळावं. सैन्यात अमुक टक्के मुसलमान होते, असे आकडे मोबाइलवर फिरतात. त्यांना पुरावा नाही. आग्र्याच्या मदारी मेहतरची गोष्ट गोड आहे, पण समकालीन कागदांत तो सापडत नाही, असं इतिहासकार म्हणतात. मुलानं वर्गात हे सांगितलं आणि कुणी खोडून काढलं तर खरी नावंही खोटी ठरतात. आणि खरी नावं कमी नाहीत. पायदळाचे सरनोबत नूरबेग, आरमारातले दौलतखान, मुनशी काझी हैदर. ही पाठ असली तरी पुष्कळ झालं.

आपल्या जिल्ह्याला तर जालन्याकडे बघायचीही गरज नाही. मालोजीराजे भोसले नगरच्या निजामशाहीत सरदार होते. मूल होत नव्हतं म्हणून नगरच्या हजरत शहाशरीफ यांच्या दर्ग्याला नवस बोलला गेला, आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरेनं चालत आलेली हकीकत आहे. म्हणजे महाराजांच्या वडिलांचं नाव आपल्या पिराच्या नावावरून. 1624 मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरच्या बाजूनं दोघे भाऊ लढले. शरीफजी तिथेच कामी आले.

यावर आपल्याच एखाद्या कॉलेजच्या पोरांनी नाटक बसवलं तर? हिंदू, मुस्लिम, दलित पोरं एकत्र तालमीला बसली तर आधी भांडतील, आणि तेच बरं. भांडण तालमीच्या खोलीत झालेलं केव्हाही परवडतं. शाहिरीचा वारसाही आपला आहेच. बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन गावोगाव फिरले होते.

गॅदरिंगच्या तयारीत मुलगा किंवा मुलगी नाव द्यायचं म्हणत असेल, तर नाही म्हणण्याआधी एवढं विचारा: कोणतं नाटक, आणि त्यात आपलं कोण आहे?